मराठी चौथी झाली, आता पुढे? १९१० सालच्या पुण्यात शाळा की शिकवणी

जुन्या घरांत पणजोबांच्या शिक्षणाचा विषय निघाला की कोणीतरी शाळेचं नाव सांगतं आणि बोलणं तिथेच थांबतं. त्याच शाळेत का घातलं, घरी शिकवणी का लावली नाही, बहिणीचं काय केलं, हे कोणी विचारत नाही. मला मात्र त्या निवडीबद्दलच फार कुतूहल आहे. म्हणून असं धरून चालू की साल १९१०, घर सदाशिव पेठेत, उत्पन्न बेताचं. मुलगा मराठी चौथी पास झालाय, धाकटी मुलगी आठ वर्षांची आहे आणि निर्णय तुम्हाला घ्यायचाय. मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगतो.

आधी परीक्षेचं बघू, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ पासून चालू आहे. ती झाल्याशिवाय कॉलेज नाही आणि कॉलेजशिवाय वरच्या जागेची आशा नाही. मराठी शाळेतच पुढे शिकून व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा दिली, तर मराठी शाळेत मास्तरकी किंवा कचेरीत छोटी कारकुनी मिळते. पोटापुरती ती वाईट नाही. पण मॅट्रिकसाठी इंग्रजी पहिलीपासून सातवीपर्यंत सात वर्षं काढावी लागतात. वरच्या इयत्तांत गणित नि इतिहाससुद्धा इंग्रजीतून शिकायचे आणि उत्तरपत्रिकाही इंग्रजीतच लिहायची. मुलाला या वाटेला लावायचं की नाही हे आधी ठरवा. वाट ठरली की शिकवणी आणि शाळा यांची तुलना सोपी होते.

घरच्या शिकवणीला मी कमी लेखणार नाही. घरी येणारा पंतोजी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे असे घोटून घेतो की मुलगा व्याजाचा हिशेब तोंडी करतो. मोडी कित्त्यावर हात बसतो. गावाकडे थोडी जमीन असेल, जुनी दप्तरं चाळावी लागणार असतील, तर मोडीला पर्याय नाही. संस्कृतची रूपं शास्त्रीबुवांकडे पाठ झाली की जन्मभर विसरत नाहीत. शिवाय प्लेग आहे. १८९७ पासून साथ पुन्हा पुन्हा येतेय. ती आली की लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत जातात, शाळा बंद पडतात. अशा दिवसांत मुलाची पाटी कोरी राहत नाही ती घरच्या मास्तरामुळेच.

आणि हा मास्तर असतो तरी कोण? बहुतेक वेळा कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून आलेला गरीब विद्यार्थी. वार लावून, म्हणजे रोज एकेका ठरलेल्या घरी जेवतो, स्वतः कॉलेजात किंवा वरच्या इयत्तेत शिकतो आणि फीपुरते पैसे मिळावेत म्हणून दोन-तीन घरी शिकवतो. धोंडो केशव कर्व्यांनी मुंबईत अशाच शिकवण्या करून संसार चालवला होता. असा मुलगा घरात आला की तुमचा मुलगा त्याच्याकडे बघून बरंच शिकतो, हे मी मनापासून मानतो. पण तो तुमच्याकडे कायमचा नसतो. त्याची परीक्षा झाली की तो जातो. नवा येतो तो दुसरं पुस्तक काढतो, दुसऱ्या पद्धतीने शिकवतो आणि मुलाची गाडी अडते. खरी अडचण याहून मोठी आहे. भूमिती, भूगोल, शास्त्र आणि इंग्रजी निबंध हे सगळं एकट्या माणसाला सारख्या ताकदीने येत नाही. घरी शिकलेला मुलगा संस्कृतात पुढे आणि इंग्रजीत मागे, असं होण्याची भीती फार आहे.

आता खाजगी शाळा. आज ‘खाजगी’ म्हटलं की जाडजूड फी डोळ्यांपुढे येते, तो अर्थ इथे बाजूला ठेवा. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी काढलं, आगरकर पाठोपाठ आले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. तिच्या आजीव सभासदांनी तुटपुंज्या पगारावर वीस वीस वर्षं शिकवण्याचं वचन दिलं. गोखल्यांची नोकरी याच शाळेत सुरू झाली आणि शिकवता शिकवता त्यांनी लिहिलेलं अंकगणित पुढे कितीतरी शाळांत लागलं. जो मास्तर वर्गात रोज गणित घालतो त्यानेच पुस्तकही लिहिलंय, ही गोष्ट मला साध्या शिफारशीपेक्षा मोठी वाटते. नूतन मराठी विद्यालय १८८३ पासून आहे. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन, म्हणजे पुढचं भावे स्कूल, त्याहूनही जुनं. साताऱ्याला राहत असाल तर १८९९ पासून तिथेही न्यू इंग्लिश स्कूल आहे, पोराला पुण्यात कोणाकडे ठेवायची गरज नाही.

या शाळांत दोष आहेतच. वर्ग मोठे, छडी हाताशी, घोकंपट्टी भरपूर. मागच्या बाकावरच्या अबोल मुलाकडे मास्तरांचं लक्ष जाईलच असं नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेवर सरकारचा डोळा असतो. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकानंतर विद्यार्थी राजकीय सभेत दिसला तर शाळेचं अनुदान धोक्यात येतं, त्यामुळे हेडमास्तर धास्तावलेले असतात. तरीही प्रत्येक विषयाला वेगळा मास्तर, बरोबरीच्या मुलांची चुरस आणि मॅट्रिकपर्यंत सलग जाणारा रस्ता या तीन गोष्टी घरी मिळत नाहीत. सरकारी हायस्कूलही डोळ्यांआड करू नका. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून चिंतामणराव देशमुख दोनच वर्षांनी, १९१२ साली, मॅट्रिकला पहिले येतील आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवतील. म्हणजे चांगलं शिकवणं ही केवळ खाजगी शाळेचीच मिरास नव्हे.

मिशनच्या शाळांत इंग्रजी उत्तम. बायबलच्या तासाला बसावं लागतं आणि घरची वडीलमंडळी मूल बाटेल म्हणून घाबरतात. तुमच्या घराला ते झेपत असेल तर इंग्रजीसाठी याहून बरी जागा नाही.

राष्ट्रीय शाळेबद्दल मात्र थांबून सांगावंसं वाटतं, कारण १९१० मध्ये मन तिकडेच ओढ घेतं. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसपासून स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार यांच्याबरोबर राष्ट्रीय शिक्षण हा शब्द घराघरांत पोचलाय. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावात आहे. मातृभाषेतून शिक्षण, हाताला उद्योग, देशाचा अभिमान, सगळं तिथे. त्याच तळेगावात लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ पासून चालू आहे. दहा वर्षांच्या मुलाने यापेक्षा चांगलं काय शिकावं? पण विजापूरकरांना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगवास झाला आणि तुम्ही निर्णय घेताय त्याच साली, १९१० मध्ये, सरकारने विद्यालय बंद केलं. मुलं मधल्या मध्ये राहिली. ज्यांनी आपली मुलं तिथे घातली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तरी एकुलत्या मिळकतीच्या घराला मी तो सल्ला देऊ शकत नाही.

म्हणून मुलासाठी माझं मत स्पष्ट आहे. दिवसा न्यू इंग्लिश स्कूल किंवा नूतन मराठी. इंग्रजी पहिली-दुसरीत संध्याकाळी घरी मोडी आणि तोंडी हिशेबाची शिकवणी. तिसरीनंतर शिकवणी बंद, म्हणजे तो स्वतः अभ्यासाला बसायला शिकेल. सातवीत एखादा विषय कच्चा वाटला तर तेवढ्यापुरता मास्तर बघा. प्लेग आला तर शिकवणाऱ्या मास्तराला बरोबर झोपडीवर न्या, त्याच्या जेवणाची नि झोपायची सोय करा, वर्ष वाया जाणार नाही.

ही तुलना करण्याची मुभा सगळ्यांना नाही, हे विसरून चालणार नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळं बसावं लागलं. ते १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या समाजात ती अपूर्वाईची गोष्ट होती. त्या घरांसाठी प्रश्न ‘कुठली शाळा’ हा नव्हताच, ‘कोण बसू देईल’ हा होता. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, कोल्हापुरात शाहू महाराज एकेका समाजासाठी वसतिगृहं उघडताहेत. गोखले पुढच्याच वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडतील आणि ते १९१२ साली फेटाळलं जाईल. कोल्हापूर संस्थानात सक्तीचं, मोफत शिक्षण यायला १९१७ उजाडेल.

राहिली मुलगी. तिच्याबाबतीत शिकवणीचा मोह सगळ्यात मोठा, कारण घराबाहेर पाठवायला नको आणि शेजारीपाजारी काही बोलायला नकोत. रमाबाई रानडे घरी, नवऱ्याकडे शिकूनच एवढ्या मोठ्या झाल्या, हा दाखला लोक देतात. पण प्रत्येकीला रानडे भेटत नाहीत. घरच्या शिकवणीत मुलगी वाचायला, पत्र लिहायला शिकते आणि लग्नाचं बोलणं निघालं की पाटी माळ्यावर जाते. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ पासून आहे. अकरा ते पाच ही वेळ आणि तिथला अभ्यासक्रम मुलींना योग्य नाही, असं टिळकांनी तेव्हा जोरात मांडलं होतं. त्यांच्या बाकी सगळ्या थोरपणासकट, इथे ते चुकले असं मला वाटतं. मुलीला मैत्रिणी मिळतात, बाई शिकवताना दिसतात, मॅट्रिकपर्यंत जाता येतं. कर्व्यांनी १९०७ साली काढलेलं महिला विद्यालय घरकामाला नि मराठीला धरून चालतं. मुलीला मॅट्रिक नको पण लग्न लांबवायचंय, असं असेल तर ते चांगलं. गेल्याच वर्षी सुरू झालेलं पुण्याचं सेवासदन मोठ्या आणि लग्न झालेल्या बायकांसाठी. घरातल्या सुनेला पाठवायचं असेल तर तिथे चौकशी करा.

धाकटीला हुजूरपागेत घाला. आणि चार वर्षांनी स्थळ सांगून आलं, तर हुंड्याच्या आधी एवढंच विचारून घ्या की तिची शाळा चालू राहील ना.