कोकणी मेव्याच्या दुकानाची वेबसाइट वर्डप्रेस-वूकॉमर्सवर नेली, एका सीझननंतरचा रिव्ह्यू

आमचं कुडाळला छोटं दुकान आहे, आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, काजू आणि सीझनला हापूस. वेबसाइट आधी एका तयार वेबसाइट-बिल्डरवर (तयार साच्यातून साइट बनवून देणारी भाड्याची सेवा) होती, नाव घेत नाही, पण दर महिन्याला भाडं भरा आणि जरा काही वेगळं हवं झालं की वरचा प्लॅन घ्या असा प्रकार. वजनाचे पर्याय वाढवायचेत, वरचा प्लॅन. पिनकोडप्रमाणे कुरिअरचा दर लावायचाय, वरचा प्लॅन. आणि आमचा माल आम्हाला बाहेर काढून द्या म्हटलं तर प्रॉडक्टची सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल तेवढी मिळाली, लिहिलेले लेख, रेसिपी, माहितीची पानं यातलं काहीच बाहेर येईना, ती एकेक करून कॉपी करावी लागली. तेव्हाच ठरवलं की आता जिथे जाऊ तिथून पुन्हा निघता आलं पाहिजे.

म्हणून वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. २००३ पासून चालू आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, एक होस्टिंगवाला (साइट ठेवायला सर्व्हरवर जागा देणारा) नाही पटला तर फाइल्स आणि डेटाबेस उचलून दुसऱ्याकडे जाता येतं. दुकानाचा भाग वूकॉमर्स हे त्याचं प्लगइन (वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर) सांभाळतं, तेही फुकट, पैसे जातात ते होस्टिंग, डोमेन आणि लागलंच तर एखाद्या विकतच्या प्लगइनला. माझं मत आधीच सांगून टाकतो, मराठी गिऱ्हाईक असलेल्या छोट्या दुकानाला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला दिसलं नाही, पण हलवायचं काम लोक समजतात त्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी असतं. सगळे थीम (साइटच्या रूपाचा तयार साचा) आणि बॅनर निवडत बसतात. खरं काम जुन्या लिंका आणि मराठी मजकूर यांचं आहे.

लिंकांचं आधी. आमच्या आगळाच्या बाटलीवरच्या लेबलला क्यूआर कोड आहे, तो जुन्या साइटच्या प्रॉडक्ट पेजवर जायचा. त्या बाटल्या आज दादरला, डोंबिवलीला, कोथरूडला लोकांच्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत, त्या काही परत मागवता येत नाहीत. बाटली संपली की लोक तोच कोड स्कॅन करून परत ऑर्डर टाकतात. नव्या साइटवर पानांचे पत्ते बदलले आणि तिथे 'पान सापडलं नाही' आलं तर ते गिऱ्हाईक गेलंच समजा. यावर उपाय म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता कायमचा इकडे हलवलाय असं ब्राउझरला आणि गूगललाही सांगणं. वर्डप्रेसमध्ये 'रीडायरेक्शन' याच नावाचं फुकट प्लगइन आहे, एका बाजूला जुना पत्ता टाकायचा, दुसऱ्या बाजूला नवा, बस. कुणी चुकीच्या पत्त्यावर आलं की त्याचीही नोंद ते ठेवतं, त्यामुळे सुटलेली पानं आपोआप हाताला लागतात. साइट हलवायच्या आधी जुन्या सगळ्या पत्त्यांची यादी शीटमध्ये काढून ठेवा, जुनी साइट बंद झाल्यावर ती कुठून आणणार?

आता मराठीतले पत्ते. वर्डप्रेसला मराठी शीर्षक दिलं की तो पत्ताही मराठीत बनवतो, ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग होते आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. त्यात एक तांत्रिक भानगड आहे जी फार कुणी सांगत नाही. डेटाबेसमध्ये पत्त्याला जागा २०० अक्षरांची, आणि देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रा, अनुस्वार सगळं सुटं धरून, तिथे ९ अक्षरं खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. 'घरगुती पद्धतीने बनवलेलं कोकम आगळ' यातलं 'बनवलेलं' इथपर्यंतच पत्ता येतो आणि तुटतो, नेमकं कोकम आगळच गायब. म्हणून शीर्षक मराठीत ठेवा आणि पत्ता स्वतः रोमन लिपीत छोटा टाइप करा, पब्लिश करायच्या आधीच.

मजकुराचं बोलायचं तर आमची जुनी माहितीपत्रकं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो मजकूर वेबवर चिकटवला की नुसता कचरा दिसतो, युनिकोड कन्व्हर्टरमधून काढावाच लागतो, आणि त्यानंतर माणसाने बसून वाचावाच लागतो कारण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. तीच गत सीएसव्हीची. एक्सेलमध्ये उघडून साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की सगळ्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात, तिथे यूटीएफ-८ वाला (म्हणजे युनिकोडचाच) पर्याय निवडायचा, नाहीतर सरळ गूगल शीट्समध्ये काम करा. बाकी वूकॉमर्सचा स्वतःचा इम्पोर्टर मात्र मस्त आहे, २५० ग्रॅम, अर्धा किलो, एक किलो असे वजनाचे पर्याय, किमती, स्टॉक सगळं एका फाइलमधून घेतो, फोटोंच्या रकान्यात जुन्या साइटच्या लिंका दिल्या तर फोटोही तिथून ओढून आणतो. अर्थात त्यासाठी जुनी साइट तोवर चालू पाहिजे. जुन्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांची खाती आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय या इम्पोर्टरमधून येत नाहीत हे ध्यानात असू द्या.

दिसायला म्हणाल तर वर्डप्रेस ६.५ पासून ब्लॉक थीममध्ये (जिथे सगळं पान ब्लॉक जोडून बनतं) फॉन्ट लायब्ररी आलीय, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी असे फॉन्ट तिथूनच घेता येतात. आम्ही शीर्षकांना तिरो लावला, मराठी वळणाचा ल आणि श बघून एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी फोन करून सांगितलं की आता आपल्याकडची साइट वाटते. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

डिलिव्हरीचं गणित हे वूकॉमर्सचं सगळ्यात आवडलेलं. शिपिंग झोनमध्ये पिनकोड ४००* असं लिहिलं की ४०० ने सुरू होणारे सगळे आले, ४११* लिहिलं की पुण्याचे आले, प्रत्येक झोनला वेगळा दर. पण तक्रारही इथेच आहे. आमसुलं देशभर पाठवतो, हापूसची पेटी मात्र फक्त मुंबई-पुणे पट्ट्यात, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोचलेला आंबा आम्हाला विकायचा नाही. 'ही एक वस्तू या झोनला नको' एवढी साधी सोय नुसत्या वूकॉमर्समध्ये नाही, त्याला वेगळं प्लगइन लागतं. असं बऱ्याच बाबतीत होतं आणि प्लगइनं वाढत गेली की त्यांचे अपडेट, त्यांची एकमेकांशी भांडणं, साइट हळू होणं हे सगळं मागे लागतं. म्हणून अपडेट करायच्या आधी बॅकअप, यात कंटाळा नको.

मेलकडेही बघा. वर्डप्रेस ऑर्डरचे मेल सर्व्हरवरून थेट पाठवतं आणि ते बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतात, एसएमटीपी प्लगइन लावून स्वतःच्या मेलखात्यातून पाठवले की पोचतात. आणि डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथे असतात ते सर्व्हर) बदलताना एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचे ती नोंद, नव्या ठिकाणी आधी भरून ठेवा, नाहीतर साइट चालू आणि दुकानाचे मेल बंद अशी अवस्था होते. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या लॉगिनमध्ये आहे ना हे तर सगळ्याच्या आधी तपासा, आपल्याकडे कितीतरी दुकानांची डोमेनं साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर पडून असतात आणि ऐन वेळी त्याचा फोन लागत नाही.

रोजच्या वापराला सोपं आहे. ॲडमिन मराठीत करून दिलं, वहिनी मोबाइल ॲपवर ऑर्डर बघते, पॅकिंग झालं की तिथूनच स्टेटस बदलते. ज्यांच्याकडे चार-पाच वस्तू आहेत आणि सगळा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो त्यांनी या फंदात पडू नये, तिथला कॅटलॉग पुरेसा आहे. बाकीच्यांनी वेळ बघून करा. आमचा सीझन मार्च ते मे, म्हणून आम्ही पावसाळ्यात हलवलं, ऑर्डरी कमी असतात आणि निवांत तपासता येतं. जुना प्लॅन लगेच रद्द करू नका, गूगल सर्च कन्सोलमध्ये (गूगलला आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं फुकट साधन) नवा साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी टाकून न सापडलेल्या पानांची यादी रिकामी होईपर्यंत तो राहू द्या, ते भाडं वाया जात नाही.