एक गुणपत्रक, चार उत्तरे : पुण्यातील एका गुण-रूपांतर सेवेचा अनुभव

माझ्या भाचीने यंदा जर्मनीतील मास्टर्सच्या अभ्यासक्रमांसाठी अर्ज केले. अर्ज करण्याआधी तिचे आपल्याकडचे गुण जर्मन श्रेणीत किती होतात हे कळावे, म्हणून आम्ही पुण्यातील एका परदेशी शिक्षण सल्लागार संस्थेकडून ३,५०० रुपये देऊन 'गुण-रूपांतर अहवाल' करून घेतला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण याच प्रकारची सेवा याच पद्धतीने देणाऱ्या संस्था शहरात अनेक आहेत आणि मला आक्षेप पद्धतीवर घ्यायचा आहे. मी स्वतः एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काम करते, त्यामुळे श्रेयांक (क्रेडिट), ग्रेड पॉइंट आणि एटीकेटी यांच्याशी रोजचा संबंध असतो. तो नसता, तर अहवालातील आकडा मी निमूटपणे खरा मानला असता.

अहवाल सहाव्या दिवशी आला. सहा पाने, गुळगुळीत कागद, शेवटच्या पानावर गोल शिक्का. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'जर्मन श्रेणी २.६१' असे छापले होते. ते पाहून माझ्या बहिणीने विचारले, "पाचपैकी अडीचच?" जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते, ४.० पर्यंत उत्तीर्ण समजतात आणि ५.० म्हणजे नापास, हे तिला समजावून सांगावे लागले. अहवालात याविषयी एक ओळही नव्हती. पण खरी अडचण पुढे होती. भाचीच्या यादीतील दोन अभ्यासक्रमांना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी हवी होती आणि या अहवालाच्या हिशेबाने ते दोन्ही बाद होत होते. "मावशी, मग हे दोन सोडूनच देते," असे ती म्हणाली, तेव्हा मी अहवाल हातात घेऊन बसले.

जर्मन विद्यापीठे परदेशी गुणांसाठी बहुधा 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. त्याची रीत सोपी आहे. त्या पद्धतीतील सर्वोच्च गुणांतून विद्यार्थ्याला मिळालेले गुण वजा करायचे, उरलेल्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागायचे, आलेल्या उत्तराला तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. म्हणजे विद्यार्थ्याच्या गुणांखेरीज सगळा खेळ दोनच आकड्यांवर चालतो, सर्वोच्च किती आणि पास होण्यासाठी किती. हे दोन आकडे कोणते घेतले, ते न सांगता दिलेली श्रेणी तपासता येत नाही. आमच्या अहवालात ते सहा पानांत कुठेही नव्हते.

भाचीचा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या ग्रेड पॉइंटची दहापैकी सरासरी, ७.१४ आहे. तिच्या गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात, श्रेणींचा तक्ता छापलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पट्टीप्रमाणे 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' म्हणजे ९, असे उतरत उतरत 'पी', म्हणजे नुसता उत्तीर्ण, ४ वर येतो. सर्वोच्च १० आणि किमान ४ धरले, तर सूत्रातून २.४३ हे उत्तर मिळते. मग २.६१ आले कुठून? वहीत उलट गणित मांडल्यावर उलगडा झाला. संस्थेने आधी ७.१४ ला ९.५ ने गुणून ६७.८३ टक्के काढले होते आणि मग १०० व ४० हे आकडे धरून सूत्र चालवले होते.

हा ९.५ पाहून मला हसावे की रडावे कळेना. तो केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीचा गुणक आहे. ९१ ते १०० या गटातील मुलांच्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास येते, या आधारावर तो ठरवला गेला होता. भाचीच्या अभियांत्रिकीच्या पदवीशी त्याचा काडीचा संबंध नाही. टक्केच काढायचे, तर विद्यापीठाचे स्वतःचे सूत्र पाहावे आणि ते नसेल तर निदान अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा तक्ता घ्यावा. त्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के, अर्थात सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणायचे. तसे केले तर भाचीचे ६३.९ टक्के होतात आणि जर्मन श्रेणी थेट २.८ वर घसरते. 'पी' ऐवजी 'सी' म्हणजे ५ हा किमान उत्तीर्ण गुण धरण्याची चूक केली, तर २.७२. म्हणजे एकाच गुणपत्रकातून २.४३, २.६१, २.७२ आणि २.८ अशी चार उत्तरे निघतात. मुलीने तीच परीक्षा दिली, तेच पेपर लिहिले, फक्त गणित करणाऱ्याचा हात बदलला.

ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकावर, ग्रेड पॉइंट असताना टक्क्यांच्या आडवाटेने जाण्याचे कारण मी फोनवर विचारले. "मॅडम, आम्ही सगळ्यांचे असेच करतो," हे उत्तर मिळाले. कितीजणांनी या आकड्यावरून अर्जच केले नसतील, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

निष्पक्षपणे सांगायचे, तर सूत्रही निर्दोष नाही. त्यात पट्टीचे टोक हाच सर्वोच्च आकडा धरला जातो, त्या टोकापर्यंत प्रत्यक्षात कोणी पोहोचते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आपल्याकडच्या जुन्या टक्केवारीच्या काळात ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळे आणि तेवढ्यावर घरी पेढे वाटले जात. सूत्रात घातले की त्याच ६० टक्क्यांचे ३.० होतात. इंग्लंडमध्ये ७० टक्क्यांना पहिला वर्ग मिळतो आणि ४० ला पास समजतात. हे आकडे तसेच सूत्रात टाकले, तर तिथल्या पहिल्या वर्गाचे २.५ होतील. युरोपातील श्रेयांक पद्धतीच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत यासाठीच वेगळा रस्ता सुचवला आहे. प्रत्येक संस्थेने कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळते याचा तक्ता द्यावा आणि त्यावरून तुलना करावी. आपल्या ट्रान्सक्रिप्टसोबत असा तक्ता आला, तर माझ्यासारख्यांची निम्मी डोकेदुखी जाईल.

अहवालात अमेरिका आणि ब्रिटनसाठीही एकेक पान आहे. अमेरिकेचे पान जर्मनीच्या पानाहून वाईट आहे. तिथे ७.१४ ला ०.४ ने गुणून २.८६ जीपीए लिहिला आहे. अमेरिकेसाठी मूल्यांकन करणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ १९७४ पासून हे काम करणारी न्यूयॉर्कची 'वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस', प्रत्येक विषयाची श्रेणी वेगळी बदलतात आणि श्रेयांकांच्या प्रमाणात सरासरी काढतात. सरसकट गुणाकार करत नाहीत. शिवाय तिथली अनेक विद्यापीठे अर्जदारांना गुण बदलू नका, आहेत तसेच लिहा, असे स्पष्ट सांगतात. ब्रिटनचे पान वाचण्याजोगे नाही.

एक पान मात्र चांगले जमले आहे. चार वर्षांच्या पदवीचे १६० श्रेयांक युरोपीय मापात कसे बसतात, ते त्यात विषयवार मांडले आहे. तिकडे एका वर्षाचे ६० श्रेयांक धरतात, म्हणून चार वर्षांचे २४० होतात आणि आपला एक श्रेयांक दीड भरतो. गणिताचे, विद्युत विषयांचे आणि प्रकल्पाचे श्रेयांक वेगवेगळे जोडून दाखवल्यामुळे अभ्यासक्रमाच्या अटींशी ताडून पाहणे सोपे झाले. ज्याने कोणी हा तक्ता केला, त्याने भाचीचा अभ्यासक्रम उघडून वाचला होता, हे दिसते.

हा अहवाल एपीएस या जर्मनीच्या कागदपत्र-तपासणी केंद्राच्या प्रमाणपत्रासाठी लागतो, असे आम्हाला सुचवण्यात आले होते. ते खरे नाही. भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झालेले ते प्रमाणपत्र, ज्याची फी १८,००० रुपये आहे, कागदपत्रांची सत्यता तपासते. गुण बदलण्याचे काम विद्यापीठ स्वतः करते किंवा त्याच्या वतीने 'युनि-असिस्ट' ही अर्ज तपासणारी संस्था करते, आणि तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो व त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो साधारणपणे द्यावे लागतात. खासगी अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापला, तरी त्यांच्या लेखी तो रद्दी आहे. आपल्या विद्यापीठाला तिकडे मान्यता आहे की नाही हे 'अनाबिन' या जर्मन माहितीकोशात फुकट पाहता येते. अहवालातील पाचवे पान म्हणजे तिथल्याच नोंदीची छापील प्रत आहे.

भाचीने दोन्ही अर्ज केले. त्यांपैकी एका विद्यापीठाने स्वतः काढलेली श्रेणी २.४ आली, दुसऱ्याचे उत्तर यायचे आहे. संस्थेला मी गुणपत्रकाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला, तेव्हा दोन दिवसांत दुरुस्त अहवाल आला. त्याच्या पहिल्या पानावर २.४३ आहे, शिक्का तोच आहे, आणि तिसऱ्या पानावर ९.५ चा गुणाकार अजून तसाच आहे. पाचपैकी दोन तारे देते, दोन्ही श्रेयांकांच्या तक्त्याचे.