जुन्या घराचे साहित्य: जसेच्या तसे वापरावे की भरडून?

नागपुरात महाल किंवा इतवारीतील जुने घर पाडले जाते तेव्हा मालकापुढे दोन मार्ग असतात: निघालेले साहित्य जसेच्या तसे पुन्हा वापरणे, किंवा मलबा भरडून त्याची खडी करणे.

पहिल्या मार्गाचे यश विटा जोडणाऱ्या जुन्या मसाल्यावर ठरते. चुन्यात बांधलेली वीट हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटी होते आणि खरवडून पुन्हा रचता येते. सिमेंटमधली वीट मात्र मसाला सुटण्याआधी बहुधा स्वतःच फुटते. सागवानी चौकटी, दारे व तुळया यांना तर हातचे जाऊच देऊ नये. फक्त रंधा मारण्यापूर्वी आत अडकलेले खिळे काढावेत आणि चौकटीचा जमिनीलगतचा भाग ठोकून पाहावा, कारण वाळवी लागते ती तिथेच. या कामाला मजुरी व दिवस जास्त लागतात, आणि घाईने जेसीबी लावला तर हाती फारसे काही उरत नाही.

काँक्रीटच्या इमारतीला मात्र भरडणेच योग्य. आयएस ३८३ या काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटची जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, तर एम २५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते. तिला जुना मसाला चिकटलेला असल्याने ती पाणी अधिक शोषते. नागपूरच्या मे महिन्यात तर ती आधी भिजवून घेतलेली बरी. विटा मिसळलेला मलबा या कामाला घेऊ नये; तो जोत्याच्या भरावात घालावा.