पापणी दाबून बघायची की पापणीचा फोटो काढायचा?

एप्रिलच्या दुपारी सात रस्ता चौकातून दुचाकीवर घरी आलं की डोळे चुरचुरणारच. पारा ४२ च्या पुढे, त्यात धूळ. सोलापुरात याची तक्रार कुणी करत नाही. आमच्या वहिनींचे डोळे मात्र श्रावणातही खुपायचे. टेरी टॉवेलच्या कारखान्यात त्या दिवसभर शिलाई मशीनवर बसतात. संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि त्याच डोळ्यांतून घळाघळा पाणीही यायचं. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी नाही, पाण्यावरचं तेल कमी आहे; पापण्यांची मायबोग्राफी, म्हणजे पापणीतल्या तेलग्रंथींचा फोटो, करून घ्या. मी डोळ्यांच्या दवाखान्यातच तपासणीचं काम करतो, म्हणून चिठ्ठी माझ्यापुढे आली. "भावजी, काढायचा का हो हा फोटो, की उगीच खर्च?"

हे तेल येतं कुठून, ते आधी. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक तेलग्रंथी शेजारीशेजारी उभ्या असतात. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. पापणी मिटली की त्यातून तेल निघतं आणि अश्रूंवर पातळ थर धरतं. थर विस्कटला की अश्रू लवकर उडतात, डोळा कोरडा पडतो, आणि त्या जळजळीने आणखी पाणी सुटतं.

हे तपासायचा जुना मार्ग म्हणजे दाबून बघणं. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे मोठे करून बघायच्या दिव्याच्या यंत्रावर, हनुवटी टेकवायची, डॉक्टर बोटाने किंवा कापसाच्या काडीने पापणीची कड हलकेच दाबतात. ग्रंथी निरोगी असेल तर शेंगतेलासारखा स्वच्छ थेंब येतो. बिघडलेली असेल तर गढूळ, मग कणीदार, आणि फारच झालं तर टूथपेस्टसारखं घट्ट बाहेर पडतं. दोन मिनिटांचं काम, वेगळं मशीन नको, आणि ग्रंथी काम करते की नाही हे थेट कळतं. माझा स्वतःचा कल याच तपासणीकडे आहे. दोष दोन. एक, कुणी जोरात दाबतं, कुणी हळू. दुसरा मोठा: काहीच बाहेर आलं नाही, तर ग्रंथी नुसती तुंबली आहे की मुळात उरलीच नाही, हे बोटाला कळत नाही.

फोटो नेमकं तेवढंच सांगतो. पापणी उलटी करून आतल्या बाजूवर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात आणि कॅमेरा टिपतो. सुई नाही, डोळ्याला काही लागत नाही. पापणी उलटवताना जो अवघडलेपणा येतो तेवढाच. १९७७ च्या सुमारास हे काम सुरू झालं तेव्हा पापणीला दिव्याची दांडी टेकवून पलीकडून उजेड पाडावा लागे, ते त्रासाचं होतं. २००८ मध्ये जपानच्या रेइको अरिता यांनी स्पर्श न करता काढायची पद्धत मांडली, आणि तपासणी साध्या दवाखान्यात येऊ शकली. फोटोत ग्रंथी फिकट उभ्या रेघांसारख्या दिसतात. वहिनींना मी नमुना दाखवला, तर म्हणाल्या, "हा तर मागावरचा ताणाच की, उभे धागे! इथं धागे तुटलेत." मला पुढे समजावायची गरजच उरली नाही.

किती धागे तुटले, याला गुण देतात. प्रत्येक पापणीला ० ते ३: काहीच गेलं नसेल तर ०, एक तृतीयांशापर्यंत १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्यापुढे ३. दोन्ही पापण्यांची बेरीज जास्तीत जास्त ६. पण आकड्यावर फार विसंबू नका. पापणी नीट उलटली नाही तर कडेच्या ग्रंथी दिसतच नाहीत आणि गुण उगीच वाढतो. वयाबरोबर थोड्या ग्रंथी जातातच, काहींना त्याचा त्रासही नसतो. उलट फोटोत रेघा सगळ्या जागेवर आणि आत तेल मात्र थिजलेलं, असंही पाहतो. फोटो रचना दाखवतो, काम नाही. (तेलाच्या थराची जाडी मोजणारं मशीनही असतं, वरच्या दोन्ही तपासण्या झाल्या असतील तर त्यासाठी वेगळे पैसे घालवायला मी सांगणार नाही.)

पहिल्यांदाच तक्रार असेल आणि उपचार झालेलेच नसतील, तर दाबून बघा. सोबत रंगाचा थेंब घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते पाहतात. १० सेकंदांच्या आत फुटला तर थर कच्चा. अशा वेळी फोटो काहीही सांगो, सुरुवातीचा उपाय तोच: पापणीला साधारण ४० अंशांचा शेक दहा मिनिटं, मग वरची पापणी खाली आणि खालची वर अशी कडेकडे हलकी मालिश. आपल्याकडच्या टॉवेलचा इथे उपयोग आहे, पण तो एक-दोन मिनिटांत गार होतो. दोन टॉवेल ठेवा आणि आलटून पालटून घ्या. बहुतेकांचा शेक इथेच फसतो.

फोटो आधी काढावा अशी माणसं वेगळी. लेसरने चष्मा घालवायचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे, कॉन्टॅक्ट लेन्स लावायच्या आहेत, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे औषध चालू आहे, किंवा महागडं उष्णतेचं अथवा प्रकाशाचं उपचार-पॅकेज पुढ्यात आहे. गेलेली ग्रंथी सहसा परत येत नाही, उष्णता तुंबलेल्या ग्रंथीलाच मोकळं करते. किती उरल्या आहेत हे न बघता पॅकेजचे पैसे भरू नयेत.

स्लिट लॅम्प डोळ्यांच्या बहुतेक दवाखान्यांत असतो, मायबोग्राफीचं मशीन मात्र जाण्याआधी फोन करून विचारा. केवळ या फोटोसाठी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायची घाई नको.

वहिनींना आधी दाबून पाहिलं, शेक सुरू केला. दीड महिन्यात डावा डोळा निवळला, उजवा नाही. मग फोटो काढला. उजवी खालची पापणी २ निघाली. तुम्ही काढलात तर कागदावरचा आकडा घेऊन घरी येऊ नका, फोटोच मोबाइलवर मागून घ्या. वर्षाने दुसरा काढाल तेव्हा तो शेजारी ठेवायला लागतो, आणि शक्यतो त्याच मशीनवर काढा.