पसंतीक्रम घ्यायचाय, पण कुठल्या पद्धतीने?

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. "ताई, उद्या वस्तीत जायचंय. रँकिंग घ्यायला सांगितलंय. सरळ घेऊ, जोडीने घेऊ, की मॅट्रिक्स करू?" पाच मिनिटांच्या फोनवर याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पर्वतीच्या उतारावरच्या वस्त्यांपासून मुळशीतल्या भातगावांपर्यंत मी ही सत्रं बरीच वर्षं घेत आले आहे आणि तिन्ही पद्धतींनी हात पोळून घेतले आहेत.

मुळातलं काम तिन्हींत एकच असतं. चार-सहा गोष्टी समोर मांडायच्या आणि त्यातलं आधी काय, नंतर काय हे लोकांनी स्वतःच्या हातांनी ठरवायचं. लांबलचक प्रश्नावल्यांना पर्याय म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी झटपट ग्रामीण पाहणीची वाट धरली. त्यातूनच पुढे पीआरए, म्हणजे लोकांनीच करायची सहभागी ग्रामीण पाहणी, उभं राहिलं आणि १९९०च्या दशकात आपल्याकडच्या संस्थांनी ते गावोगाव नेलं. खडू, चिंचोके, रांगोळी एवढ्यावर काम भागतं. पण पद्धत चुकीची निवडली, तर संध्याकाळचा स्वयंपाक खोळंबवून बसलेल्या वीस बायकांचा वेळ वाया जातो. मला तेच सगळ्यात जास्त लागतं.

सरळ क्रमवारी

सहा कार्डं, त्यांवर चित्रं: नळ, संडास, गटार, रस्त्यावरचा दिवा, कचरा, बालवाडी. वरपासून खाली लावायची. पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि कुणालाही लगेच समजतं. पहिल्या भेटीत ओळख व्हायला, किंवा महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी वस्तीने कुठलं काम सुचवायचं एवढंच ठरवायचं असेल तर हे पुरतं. (पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अशी कामं मागवते. वस्तीत त्याची माहिती असेलच असं मात्र धरून चालू नका.)

अडचण येते ती कार्डं कोण उचलतं इथे. एका वस्तीत बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी सगळी कार्डं भराभर लावली आणि बाकीच्या "हो, बरोबर आहे" म्हणाल्या. घरी येऊन वही उघडली तर सहा ओळी होत्या आणि कारण एकही नव्हतं. तेव्हापासून सरळ क्रमवारी मी प्रत्येकीकडून वेगळी घेते.

आता वेगळी घेतली की सरासरी काढायचा मोह होतो. तो आवरा. वीसपैकी दहा जणींनी संडास पहिला लावला आणि दहा जणींनी शेवटचा, तर सरासरीत तो मधोमध येतो, आणि मधोमध तर एकीनेही लावलेला नसतो. बहुधा पहिल्या दहा जणी सार्वजनिक संडासावर जाणाऱ्या असतात, दुसऱ्या दहा जणींच्या घरात सोय झालेली असते. तेव्हा आधी हे दोन गट ओळखा. प्रबंधासाठी आकडा लागतच असेल तर केंडॉलचा डब्ल्यू काढा. तो ० ते १ मध्ये असतो आणि लोकांचं आपसात किती जमतंय हे सांगतो. तो कमी आला तर एकच एक क्रम छापू नका.

जोडीतुलना

यात दोन-दोन कार्डंच समोर ठेवायची: "पाणी की संडास?" उत्तर आलं की लगेच "का?" मग पुढची जोडी. शेवटी कुठलं कार्ड किती वेळा जिंकलं ते मोजायचं.

आधी जोड्या मोजून घ्या. ५ गोष्टींच्या १० जोड्या होतात, ६ च्या १५, ८ च्या २८ आणि १० च्या तब्बल ४५. एका जोडीला "का"सकट दोन-तीन मिनिटं धरली तर सहा कार्डांनाच पाऊण तास जातो. सहाच्या वर जाऊ नका. लोक कंटाळले की "काहीही लिहा ओ" म्हणतात आणि तिथून पुढची पानं निरुपयोगी असतात.

तरीही वेळ असेल तर मी हीच पद्धत निवडते. कारण सांगते.

उतारावरच्या एका वस्तीत आम्ही पायऱ्यांवरच बसलो होतो. पाणी की संडास? पाणी. संडास की दिवे? संडास. चार जोड्यांनंतर पाणी की दिवे आलं आणि एक मावशी म्हणाल्या, "दिवे." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. माझ्याबरोबरची नोंद घेणारी मुलगी कुजबुजली, "ताई, हे चुकलं. पाणी संडासाच्या वर, संडास दिव्यांच्या वर, मग दिवे पाण्याच्या वर कसे?" ती खोडायला निघाली होती, मी तिचा हात धरला आणि मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, पाणी येतं पहाटे चारला. काळोखात कळशी घेऊन या पायऱ्या उतरायच्या. गेल्या पावसाळ्यात माझी सून इथेच घसरली, हात मोडला तिचा. दिवा लागला तर येतं तेवढं पाणी तरी धड भरता येईल."

त्याच बायकांकडून सरळ क्रमवारी घेतली असती तर पाणी पहिलं आलं असतं आणि दिवे तिसरे-चौथे. अहवालात "पाणीटंचाई" असं लिहून आम्ही मोकळे झालो असतो. पायरीवरचा दिवा कुणाला दिसलाच नसता.

अशा गोल फिरणाऱ्या उत्तरांना घाबरायचं कारण नाही. प्रत्येक माणसाची पसंती सुसंगत असली तरी बहुमताची पसंती अशी चक्राकार होऊ शकते, हे काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच दाखवून दिलं होतं. मावशींच्या बाबतीत तर मोजपट्टीच बदलली होती. आधीच्या जोड्यांत त्या पाणी पुरतं की नाही हे बघत होत्या, या जोडीत पाणी भरायला जाण्यातला धोका. नोंदवहीत त्या उत्तराभोवती गोल करा आणि कारण शब्दशः उतरवा. बेरीज जुळवायला उत्तर बदलू नका.

गुणांचा तक्ता

मॅट्रिक्स म्हणतात ते हेच. एका बाजूला पर्याय, दुसऱ्या बाजूला निकष आणि प्रत्येक चौकटीत शून्य ते दहा चिंचोके. एकाच जातीच्या पर्यायांतून निवड करायची असेल (भाताचे वाण, चुलीचे प्रकार, जळणाची झाडं) तर हा तक्ता उत्तम. नळ आणि बालवाडी यांना मात्र एकाच निकषावर तोलता येत नाही, म्हणून वस्तीच्या गरजांसाठी तो वापरू नका.

मुळशीतल्या एका गावात तीन वाण होते: आंबेमोहर, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली इंद्रायणी आणि एक संकरित. आम्ही घरून निकष लिहून नेले होते: उत्पादन, भाव, रोग. बायकांनी ते ऐकून घेतले आणि मग स्वतःचे सांगितले: भात आडवा पडत नाही, पेंढा गुरं आवडीने खातात, भरडताना कणी कमी होते, शिळा भात सकाळी चांगला लागतो. आमचा कागद आम्ही घडी करून पिशवीत टाकला.

याच गावात दोन चुका झाल्या. एक निकष आम्ही "खत" एवढाच लिहिला. अर्ध्या जणींनी जास्त खत खाणाऱ्या वाणाला जास्त चिंचोके दिले, अर्ध्या जणींनी कमी खाणाऱ्याला. ती आख्खी ओळ बाद झाली. निकष नेहमी चांगल्या बाजूने लिहा, म्हणजे "खत कमी लागतं" असा. दुसरी चूक बेरजेची. सगळे चिंचोके मोजून इंद्रायणी पहिली आली म्हणून आम्ही खूश झालो, पण बेरजेत शिळा भात आणि बाजारभाव यांना सारखंच वजन मिळालं होतं. "यातली कुठली गोष्ट सोडून अजिबात चालणार नाही?" असं विचारल्यावर चित्र पालटलं. भात विकणाऱ्या घरांनी भाव धरला. दावणीला गुरं असलेल्यांनी पेंढा धरला आणि उंच वाढणाऱ्या, आडव्या पडणाऱ्या आंबेमोहराला थोड्या गुंठ्यांत का होईना, जागा ठेवली. म्हणून तक्त्याची खालची बेरीज करूच नका. एकेक ओळ वाचा.

या तक्त्याला दीड तास धरा. लावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत तो मागणं अन्यायाचं आहे.

तुमच्यासाठी कुठली?

एकच भेट आणि अर्धा तास असेल तर सरळ क्रमवारी, पण वैयक्तिक. लोक असं का म्हणतात हे शोधायचं असेल तर जोडीतुलना, सहा कार्डांपर्यंत. एका प्रकारच्या अनेक पर्यायांतून निवड असेल तर गुणांचा तक्ता. दोन भेटी मिळत असतील तर माझा आग्रह असा: पहिल्या भेटीत जोडीतुलना करा आणि तिथल्या "का"च्या उत्तरांतून दुसऱ्या भेटीच्या तक्त्याचे निकष घ्या. लोकांचे शब्द आयते हातात येतात.

कुठलीही पद्धत घेतलीत तरी बायका आणि पुरुष वेगळे बसवा. एक कोरं कार्ड ठेवा, कारण तुमच्या यादीत नसलेली गोष्ट हमखास निघते. आणि पहिल्या पाच मिनिटांतच सांगा की यातून काय मिळू शकतं आणि काय नाही. आरोग्य संस्थेची पिशवी खांद्याला असली की दवाखान्याचं कार्ड वर चढतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

निघण्यापूर्वी तक्ता मोठ्याने वाचून दाखवा. त्या पायऱ्यांवर मी वाचत होते तेव्हा मावशींनी थांबवलं. "दिवा नुसता लिहू नका. कितव्या पायरीवर ते लिहा." त्यांनी जागा दाखवली आणि आम्ही तिथे खडूने फुली मारून घेतली.