जन्मसालाचे घड्याळ आणि दहा वर्षांचा फरक

माझा जन्म ऑक्टोबर १९७१ चा. आपल्याच वयाचे एखादे मनगटी घड्याळ आपल्या हातावर असावे, ही हौस मला चाळिशी उलटल्यावर लागली आणि त्या हौसेपायी मी हातोहात फसलो. तो प्रकार येथे सविस्तर लिहीत आहे, कारण मला फसवणारी युक्ती अगदी साधी होती आणि घड्याळांविषयी काहीच न वाचलेल्या माणसापेक्षा थोडेफार वाचलेला माणूसच तिला लवकर बळी पडतो.

मी थोडेफार वाचले होते. सेको कंपनीच्या त्या काळातील घड्याळांच्या मागच्या झाकणावर सहा खुणांचा एक क्रमांक कोरलेला असतो. त्यातील पहिला आकडा म्हणजे निर्मितीवर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरी खूण म्हणजे महिना. जानेवारी ते सप्टेंबरसाठी १ ते ९ हे आकडे, ऑक्टोबरसाठी शून्यासारखे दिसणारे ओ, नोव्हेंबरसाठी एन आणि डिसेंबरसाठी डी. म्हणजे मला असे घड्याळ हवे होते, ज्याचा क्रमांक एक आणि त्यापुढे ओ असा सुरू होतो. ही गणिती सोय मला फार आवडली होती. तिच्यात दशकाचा उल्लेख कोठेच नाही, ही गोष्ट मी वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती.

माझी पहिली चूक पैशाची नव्हे, बोलण्याची. जुनी घड्याळे विकणाऱ्या एका गृहस्थांना मी पहिल्याच निरोपात माझे जन्मवर्ष, महिना आणि क्रमांकाची अपेक्षित सुरुवातही कळवून टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांच्याकडे काय आहे हे विचारण्याऐवजी मला काय पाहिजे हे मी सांगितले आणि मग तसेच घड्याळ सापडले, यात नवल ते काय! दोनच दिवसांनी त्यांनी एका सेको ५ घड्याळाची छायाचित्रे पाठवली. निळसर तबकडी, वार आणि तारीख, चार वाजण्याच्या जागी बसवलेली चावी, आणि मागच्या झाकणावर स्पष्ट दिसणारी ती दोन अक्षरे. त्या छायाचित्रात झाकण धरणाऱ्याचा अंगठा क्रमांकापासून थोड्या अंतरावर टेकलेला होता. तो नेमका कोठे टेकला आहे याचा विचार मला तेव्हा सुचला नाही.

पुढचे सगळे ठरलेल्या वाटेने गेले. त्याच वर्षी जन्मलेला आणखी एक ग्राहक याच घड्याळासाठी थांबला आहे, असे मला सांगण्यात आले. ज्या संकेतस्थळावर आमची गाठ पडली, तेथून व्यवहार केला तर दलाली द्यावी लागेल, म्हणून रक्कम थेट खात्यावर भरावी, असा आग्रह झाला. सोबत ‘निर्मिती ऑक्टोबर १९७१’ असे लिहिलेले, शिक्का मारलेले एक प्रमाणपत्रही येणार होते. ते आलेही. त्यावर शिक्का होता, सुबक अक्षर होते, फक्त कोणाची सही नव्हती.

तीन महिने मी ते घड्याळ मोठ्या कौतुकाने वापरले. ते दिवसाला चार-पाच मिनिटे पुढे जाऊ लागले तेव्हा एका वयस्कर घड्याळजींकडे नेले. त्यांनी भिंग लावून मागचे झाकण पाहिले आणि ते उघडण्यापूर्वीच विचारले, “हे एकाहत्तरचे आहे असे तुम्हाला कोणी सांगितले?”

सेकोच्या झाकणावर त्या क्रमांकाखेरीज आणखी एक संकेत असतो: आधी चार आकडे यंत्राचे, मग आडवी रेघ, मग चार आकडे केसचे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचे. माझ्या घड्याळावरचा हा संकेत घासून जवळजवळ पुसलेला होता आणि जो काही उरला होता तो छायाचित्रात त्या अंगठ्याखाली गेला होता. भिंगातून तो ६३०९ असा वाचता आला. झाकण उघडल्यावर आतल्या रोटरवरही, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून घड्याळाला आपोआप चावी देणाऱ्या वजनावरही, तेच आकडे आणि सतरा ज्वेलचा (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचा) उल्लेख ठळक दिसला. ६३०९ हे यंत्र सेकोने १९७६ च्या सुमारास आणले आणि ते ऐंशीच्या दशकात बराच काळ बनत राहिले. १९७१ मध्ये ते अस्तित्वातच नव्हते. त्या वर्षीच्या सेको ५ मध्ये ६११९ सारखे यंत्र सापडायला हवे होते. म्हणजे क्रमांकातला एकचा आकडा खरा होता, ऑक्टोबरही खरा होता, पण वर्ष होते १९८१.

घड्याळजींनी मग तबकडीकडे बोट दाखवले. मूळ तबकडीच्या तळाशी, सहाच्या खुणेखाली, काचेच्या कडेला लागून अत्यंत बारीक अक्षरांत एक संकेत छापलेला असतो आणि त्याची सुरुवातही यंत्राच्या आकड्यांनी होते. माझ्या तबकडीवर ती ओळ नव्हती, कारण तबकडी नव्याने रंगवलेली होती. मिनिटांच्या बारीक रेघा धातूच्या खुणांशी किंचित सरकलेल्या होत्या, हे एकदा कळल्यावर मला दुसरे काही दिसेनाच. रंगकाम केवळ घड्याळ नवे दिसावे म्हणून झाले असेल, असेही म्हणता येईल. पण झाकणावरचा संकेत घासलेला, तबकडीवरचा गायब आणि फक्त मला हवा असलेला क्रमांक तेवढा शाबूत, हा योगायोग मला मान्य नाही.

विक्रेत्याचे उत्तर मात्र ऐकण्यासारखे होते. “क्रमांक एकने सुरू होतो की नाही? तुम्ही तेच मागितले होते.” प्रमाणपत्राचे विचारले तर ते आपल्याला आधीच्या मालकाकडून मिळाल्याचे त्यांनी सांगितले. पैसे थेट खात्यावर भरल्यामुळे संकेतस्थळानेही हात वर केले.

त्यानंतर मी इतर कंपन्यांच्या पद्धती नीट समजून घेतल्या. बुलोवाच्या त्या काळातील घड्याळांवर अक्षराने दशक सांगितलेले असते: पन्नाससाठी एल, साठसाठी एम, सत्तरसाठी एन. त्यामुळे एन आणि एक म्हणजे १९७१ यात शंका उरत नाही. अर्थात ती खूण झाकणावर असते आणि झाकण बदलायला अर्धा मिनिटही पुरते. जुन्या ओमेगाचा क्रमांक आत यंत्रावर असतो आणि त्यावरून निघणारे वर्ष अंदाजाचेच असते, त्यामुळे तेथे कोणी महिनाही छातीठोकपणे सांगू लागला तर मी संभाषण आवरते घेतो. लाँजिनच्या बाबतीत कंपनीच्याच दप्तरातून क्रमांकाची माहिती मिळवता येते. सेकोसाठी मात्र मी आता झाकण, उघडे यंत्र आणि तबकडीचा तळ अशी तिन्ही छायाचित्रे बोटे न आणता मागतो, आणि ती येईपर्यंत माझे जन्मवर्ष कोणालाही सांगत नाही. बरेच विक्रेते तेथेच गप्प होतात.

एवढे झाल्यावर माझ्या एका मित्राने गंमत म्हणून त्याच गृहस्थांना निरोप पाठवला की, त्याला आपल्या धाकट्या बहिणीसाठी ऑक्टोबर १९८१ चे सेको हवे आहे. दुसऱ्या दिवशी छायाचित्र आले. तेच झाकण, तोच क्रमांक, कडेवरचा तोच तिरपा ओरखडा आणि तोच अंगठा. या वेळी त्यांनी वर्ष अगदी बरोबर सांगितले होते. घड्याळ तेवढे माझ्या टेबलाच्या खणात होते.