हेड गॅस्केटच्या नावाखाली ३८,६०० रुपये उकळले, गळत होता फक्त होज पाइप

गॅस्केट किट ६,८००. हेड फेसिंग आणि व्हॉल्व्हचं काम ७,५००. वॉटर पंप ४,२००. रेडिएटर रिपेअर ५,६००. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पाच लिटर २,५००. मजुरी १२,०००. एकूण ३८,६०० रुपये. हा हिशेब गॅरेजवाल्यानं मला वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून दिला. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो खालच्या ब्लॉकवर बसतो तिथलं सील म्हणजे गॅस्केट. त्यावर ना सही, ना शिक्का, ना जीएसटी नंबर. आणि यातलं एकही काम झालेलं नाही. ही माणसं गिऱ्हाईक कसं घेरतात ते तुम्हाला माहीत असेल, मलाही ऐकून माहीत होतं. तरीही सविस्तर लिहितोय, कारण तो गॅरेजवाला आजही तिथंच बसलाय आणि या पावसाळ्यात आणखी कुणाची तरी गाडी त्याच्या दारात तापून उभी राहणार आहे.

पुण्याहून गावी परतताना खंबाटकी घाट चढत होतो. गाडी बाराशे सीसी पेट्रोल, चार सिलिंडर. शेवटच्या वळणांवर टेंपरेचरचा काटा लालकडे सरकला. मी लगेच एसी बंद केला, कडेला घेतली, इंजिन बंद केलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पाणी भरलं आणि हळूहळू उतरलो. शेजारच्या सीटवर सत्तरीची आई, बाहेर धो-धो पाऊस आणि अंधार पडत आलेला. हायवेलगत जे पहिलं उघडं गॅरेज दिसलं तिथं थांबलो. त्या वेळी दुसरं कुणीही तेच केलं असतं.

त्यानं बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्याच्या आतल्या बाजूचा पांढरट, सायीसारखा थर बोटानं काढून मला दाखवला. "साहेब, ऑइलमध्ये पाणी गेलंय. गॅस्केट गेलंय. अजून चार किलोमीटर चालवली असती तर इंजिन सीज." आईनं ते ऐकलं आणि घाबरून माझा हात धरला.

इथंच सांगून ठेवतो. पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या त्या झाकणाखाली असा थर नुसत्या दमटपणानंही येतो. खरं काय ते डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) सांगते. ती ओढून बघा, ऑइल स्वच्छ असेल तर नुसत्या झाकणावर कुणी निकाल देत असेल तर ऐकू नका. गॅस्केट खरंच गेलं असेल तर इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात, गाडी मिसिंग करते, म्हणजे झटके देत चालते. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. त्यानं डिपस्टिकला हात लावला नाही, कारण ती स्वच्छ निघाली असती.

गाडी तिथं सोडली. दुसऱ्या दिवशी फोन आला की इंजिन उघडलंय, हेड बेंड आहे, लेथवर पाठवावं लागेल. हो म्हणा, नाहीतर आहे तशी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन जा. सुटं झालेलं इंजिन घेऊन माणूस जाणार कुठं? आईला दर आठवड्याला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, गाडीवाचून चालत नाही. मी हो म्हणालो.

आता ज्या क्षणाची मला सगळ्यात जास्त चीड येते तो सांगतो. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी स्वतःहून म्हणालो, जुनं गॅस्केट दाखवा. त्यानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून एक काळंकुट्ट, तेलकट गॅस्केट काढून माझ्या हातात दिलं. एका ठिकाणी जळलेलं होतं, तिथं बोट ठेवून म्हणाला, "हे बघा, इथून फुटलंय." मी ते दोन्ही हातांत धरलं आणि फोटो काढला. त्या गॅस्केटला मोठी भोकं तीन होती. तीन! माझं इंजिन चार सिलिंडरचं. एका सिलिंडरला एक भोक, हे शाळकरी पोरालाही कळेल. पण मागं हॉर्न वाजत होते, तो पैशांची घाई करत होता आणि जळलेल्या डागावर त्याचं बोट होतं, म्हणून नजर तिथंच गेली. तो फोटो मी कितीदा बघितला असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी अंगाची लाही होते. त्यानं बोट मुद्दाम तिथं ठेवलं होतं.

पैसे? १८,६०० रोख घेतले. उरलेले २०,००० यूपीआयनं दिले, तेही गॅरेजच्या नावावर नाही, कुठल्या तरी भलत्याच नावाच्या क्यूआर कोडवर. पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के वर लागतील." गॅरेजच्या पाटीवरचं नाव आणि स्क्रीनवर दिसणारं नाव वेगळं असेल तर पैसे पाठवू नका. रोख तर नकोच.

पुढं काही दिवसांतच कूलंटच्या टाकीतली पातळी पुन्हा मिनिमम रेषेखाली गेली. फोन केला तर म्हणाला, नवीन काम आहे, सेट व्हायला वेळ लागतो. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

मग घरीच बघायचं ठरवलं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी रेडिएटरच्या बाजूला फिकट हिरवा ओला डाग. एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, पण त्याला रंग नसतो आणि हाताला ते बुळबुळीत लागत नाही. थंड इंजिनात गळती हाती लागली नाही, कारण दाब चढल्याशिवाय ती दिसतच नाही. इंजिन चालू करून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत थांबलो आणि टॉर्च मारून एकेक जोड बघत गेलो. (इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होतो, बोटं आणि ओढणी, मफलर लांब ठेवा.) वरचा होज पाइप जिथं थर्मोस्टॅटच्या तोंडावर बसतो तिथं क्लिपच्या खालून एकेक थेंब येत होता. भोवती हिरवट-पांढरा खार जमलेला.

आणि त्या खाराखाली काळं सिलिकॉन थापलेलं होतं. बोटानं सोललं तर सालीसारखं निघून आलं. म्हणजे गळती कुठं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चिकटवलं, पुसलं आणि मला ३८,६०० सांगितले.

मेहुण्याला बोलावलं, तो मशीन शॉपमध्ये काम करतो. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "दाजी, हेड निघालेलंच नाही." वरच्या कव्हरच्या बोल्टवर कंपनीची रंगाची खूण तशीच होती, एकावरही पाना फिरल्याचा ओरखडा नाही. चेनवाल्या इंजिनात टायमिंगचं कव्हर काढल्याशिवाय हेड निघत नाही, आणि त्या कव्हरच्या बोल्टवर वर्षांची धूळ चिकटलेली. वॉटर पंप जुनाच. रेडिएटरच्या जाळीत मेलेले किडे आणि चिखल. नंतर दुसऱ्या एका मेकॅनिककडून ६०० रुपयांत गॅस्केटची टेस्ट करून घेतली. निळं औषध असतं, टाकीच्या तोंडाशी धरतात, इंजिनाचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. ते निळंच राहिलं.

दुरुस्तीचा खर्चही लिहितो. होज पाइप ५४०, दोन क्लिपा ८०, कूलंटचं दोन लिटर कॉन्सन्ट्रेट ७२०, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन १२०. एकूण १,४६० रुपये. गाडी थंड असताना खालचा नळ सोडून जुनं पाणी काढलं. पाच लिटर कूलंटचे पैसे घेतले होते, निघालं सरबताइतकं पातळ हिरवं पाणी. ते गटारात ओतू नका, चव गोड असते आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात. पक्कडीनं जुनी क्लिप काढली, पाइपाचं टोक बोटभर चिरलेलं होतं. नवा पाइप बसवला, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरलं, हीटर फुल ठेवून झाकण उघडं असतानाच इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाइप दाबत राहिलो. हवा अडकली तर गाडी पुन्हा तापते. त्यानंतर एक थेंब गळलेला नाही.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात फोटो, कच्चं बिल, सगळं घेऊन गेलो. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२०, आताचं ३१८, याचसाठी आहे ना? ठाणे अंमलदारानं कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "हे दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." अर्जाची पोच द्यायलाही तयार नव्हता, तासभर उभं राहून घेतली. परिवहन कार्यालयात म्हणाले, गॅरेजवर आमचा अंमल नाही. मग कुणाचा आहे? इंजिन उघडण्याच्या नावावर लोकांच्या खिशाला हात घालणाऱ्या या धंद्यावर देखरेख कुणाची, हे एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेज त्यांच्या यादीतलं नाही, जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जा, असं सांगून तक्रार बंद केली. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस गाडी बघून स्पष्ट म्हणाला की इंजिन उघडलेलं नाही, पण लेटरहेडवर लिहून द्यायला नकार. आणि आयोगात पहिला प्रश्न काय विचारला, तर तज्ज्ञाचा अहवाल कुठंय! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. मला मात्र तारखांवर तारखा मिळताहेत. ज्याचे पैसे गेले त्यानंच सुट्ट्या टाकायच्या, त्यानंच झेरॉक्स काढायच्या, त्यानंच हात जोडायचे.

गाडी गॅरेजला सोडण्याआधी बॉनेटखालचा व्हिडिओ काढा, दोन-तीन बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका लावा. इंजिन उघडलंय म्हणाला तर तिथं जाऊन उघडं इंजिन बघा, फोनवर होकार देऊ नका. जुना पार्ट नुसता बघू नका, घरी घेऊन या. मागूनही बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे तोंडावर सांगा. आणि अशाच पद्धतीनं तुमचे पैसे गेले असतील तर कच्चं बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट, काहीही फेकू नका. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. माझी तक्रार दाखल आहे. चिरलेला पाइप आणि तीन भोकांच्या गॅस्केटचा फोटो पुराव्यात जोडलाय.